पाण्यातली ट्रायल

शेषगिरींनी बाही कोपराच्या वर दुमडली, ड्रममध्ये हात घातला आणि रात्रभर बुडवून ठेवलेला शिलाई मशीनचा दिवा बाहेर काढला. दिव्याची हवी तशी वाकणारी मान काल चकचकीत होती. आज तिच्या प्रत्येक वेढ्यात तांबूस गंज चढला होता, आणि ड्रममधलं पाणी पार चहाच्या रंगाचं झालं होतं.

"झालं समाधान?" मागून मालतीबाईंचा आवाज आला. "भांड्यांचं पाणी होतं ते."

"बघत होतो."

"लोखंड पाण्यात ठेवलं की काय होतं, ते बघायला रात्र लागली होय तुम्हांला? मला विचारायचं होतं. सुम्ने सांगितलं असतं, काही घेतलं नसतं."

 शेषगिरींनी दिवा पंच्याने पुसला आणि उन्हात ठेवला, जणू उन्हाने गंज उतरणारच होता.

खरं तर त्यांचं चुकलं कुठे, हे त्यांना कळत नव्हतं. देवराज मोहल्ल्यात कोट शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्यांच्या वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती की कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. जे आकसायचं ते आधी आकसू दे, जो रंग जायचा तो आधी जाऊ दे, मग माप. मग जी वस्तू पाण्यातच राहणार, तिला तर आधी पाणी दाखवायलाच हवं. शिंप्याच्या डोक्याने विचार केला तर यात काहीच वावगं नव्हतं. वावगं होतं ते एवढंच, की शिंप्याने हे काम अंगावर घेतलं होतं.

काम त्यांच्या मुलीचं होतं. दीपश्री प्रवाळांचा अभ्यास करायची. आता तिला अंदमानात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, समुद्राच्या तळाशी जाऊन फोटो काढायचं. एकदा जेवताना ती हसत म्हणाली होती, "एका हातात कॅमेरा, एका हातात बॅटरी. दोन्ही हलतात. मला तिसरा हात पाहिजे, अप्पा." मग तिने फोनवर एक चित्र दाखवलं. मध्ये एक पट्टी, तिच्यावर कॅमेरा, दोन बाजूंना धरायला दोन मुठी, आणि खेकड्याच्या नांग्यांसारखे वर आलेले दोन हात. ते हवे तिकडे वाकवायचे आणि त्यांच्या टोकांना दिवे लावायचे.

"विकत मिळतं हे. लॅबवाले घेणार आहेत. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कशाला?" शेषगिरी भात कालवत म्हणाले होते. "मी शिवून देतो." सगळे हसले तेव्हा त्यांनी सुधारलं, "करून देतो म्हणजे."

मालतीबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या दुकानाची सगळी हातशिलाई घरी बसून करत. काज, बटणं, अस्तराचे टाके. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांचा टाका उलट्या बाजूला कललेला असायचा. मोहल्ल्यातले जुने कारागीर कोटाचं अस्तर उलटून बघायचे आणि म्हणायचे, हा वहिनींचा हात. पण या कामाच्या बाबतीत त्यांनी त्याच रात्री नवऱ्याला बजावलं होतं.

"तुम्ही काय पाहिजे ते करा. सुई-दोऱ्याचं काम मला सांगू नका. पोरगी लांब जायच्या कामात माझा टाका नको."

---

कडकोळच्या औद्योगिक वसाहतीत फत्तेसिंगरावांचं छोटं वर्कशॉप होतं. शेषगिरी आणि ते शाळेपासूनचे. गंजलेला दिवा पिशवीत घालून शेषगिरी नंजनगूडच्या बसने तिथे उतरले, तेव्हा फत्तेसिंगराव एका मशीनसमोर उभे राहून धातूचा ठोकळा कापत होते. ठोकळ्यावर दुधासारखं पांढरं पाणी पडत होतं.

"काय रे शेष्या, कोटांना आता दिवे लावायला लागलास काय?"

शेषगिरींनी सगळं सांगितलं. फत्तेसिंगरावांनी दिवा हातात घेतला, वाकवला, गंजाचा वास घेतला आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकला.

"अरे!"

"बिडु रे, सोड. तो गेला." मग त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. "हे पाणी कुठून पडतंय बघ. पाणी नव्हे, नळी बघ."

शेषगिरींनी चष्मा वर केला. पांढरं पाणी ज्या नळीतून येत होतं, ती प्लास्टिकच्या निळ्या मण्यांची होती. एका मण्याचं डोकं दुसऱ्याच्या पोटात बसवलेलं. फत्तेसिंगरावांनी मशीन बंद केलं आणि ती नळी डावीकडे वाकवली. ती डावीकडे राहिली. वर केली, वर राहिली.

"दिवसभर पाण्यात असते. गंजत नाही, सडत नाही. वाकवशील तशी उभी. पाहिजे तेवढे मणी जोड, नको तेवढे काढ."

शेषगिरींनी ती हातात घेतली आणि मणी सुटा करून परत बसवला. टक्क असा आवाज आला. त्यांनी पुन्हा सुटा केला, पुन्हा बसवला. चहा येईपर्यंत ते हेच करत होते.

"पोरगी कधी जाणार?" फत्तेसिंगरावांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"तुझ्या रक्षितसारखी नाही ना रे जाणार? तो गेला तो गेलाच."

शेषगिरींनी मणी टक्क करून बसवला आणि नळी पिशवीत घातली.

फत्तेसिंगराव सहज बोलून गेले होते. पण शेषगिरींच्या मनात नेमकी तीच गोष्ट घर करून होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर लोक हसले असते. कोट शिवायची एक रीत असते. आधी सगळा कोट पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाचायचा. मग गिऱ्हाईक ट्रायलला येतं, आरशासमोर उभं राहतं, शिंपी टाचण्या लावतो, खांदा उसवतो, कंबर आत घेतो. त्यानंतर पक्की शिलाई. आणि शेषगिरींच्या सबंध आयुष्यात असं एकही गिऱ्हाईक झालं नव्हतं, की ज्याचा कोट कच्चा राहिला आणि ते परत आलं नाही. माणसं आजारी पडली, बदली होऊन हुबळीला गेली, एकाचं तर लग्न मोडलं, पण ट्रायलला आली. कच्चा दोरा माणसाला ओढून आणतो, अशी शेषगिरींची पक्की समजूत होती.

रक्षितचा व्हिसा घाईत आला. मुलाच्या कोटाला ट्रायल कसली, माप पाठ आहे, म्हणून त्यांनी एकदम पक्का शिवून दिला. रक्षित मेलबर्नला गेला, तिकडेच रमला. मध्ये एकदाच आला, तोही आठवडाभर. येताना आईसाठी भाजी कापायची जाडजूड पांढरी पाटी घेऊन आला. फोन मात्र दर रविवारी करायचा आणि आवाज गोड होता. मुलगा वाईट नव्हता. पण शेषगिरींना तो कोट आठवायचा.

---

पुढचे दिवस घराच्या मागच्या अंगणात गेले. दुकानात कोटांचे कारागीर होते, त्यामुळे मालक गायब झाल्याचं कुणाला फारसं जाणवलं नाही. निळ्या मण्यांचे दोन हात झाले, मुठींना सायकलच्या हँडलची रबरं मिळाली. स्टीलचे बोल्ट फत्तेसिंगरावांनी दिले. पट्टीसाठी न गंजणारं आणि करवतीने कापता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि तसं घरात एकच होतं.

"ती पाटी कुठे आहे?" मालतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "रक्षितने आणलेली?"

शेषगिरींच्या हातातली करवत थांबली.

"तू विळीच वापरतेस ना."

"म्हणून काय झालं? दोशाच्या पिठावर मी तिचं झाकण करत होते." त्या दारात आल्या. पाटीचे दोन तुकडे त्यांनी पाहिले. रागवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एक तुकडा उचलला, त्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "कड टोचेल तिला. घासा ही." आणि आत निघून गेल्या.

दीपश्री संध्याकाळी आली की उकिडवी बसून सगळं बघायची. तिला वडिलांचं काम बघायची लहानपणापासून सवय होती. टाचण्यांच्या डब्याशी खेळतच ती मोठी झाली होती.

"मुठी जवळ आहेत अप्पा, स्वल्प लांब करा. हातात ग्लोव्ह्ज असतात."

"हे आधी सांगायचं. मी उघड्या हाताचं माप घेतलं."

"तुम्ही टेप कुठे लावला? नुसतं बघितलं माझ्याकडे."

"बघितलं म्हणजेच घेतलं," शेषगिरी म्हणाले आणि नवीन भोकं पाडायला बसले.

खरी पंचाईत पुढे होती. ड्रममध्ये सोडल्यावर दीपश्रीने आणलेल्या दिव्यांच्या वजनाने दोन्ही हात माना टाकत आणि सगळी वस्तू नाकावर आपटे. टोकाशी काहीतरी तरंगणारं हवं, असं दीपश्री म्हणाली. हे ऐकून शेषगिरींचा चेहरा उजळला. दुकानातून त्यांनी कोटाच्या खांद्यांत घालायचे स्पंजचे पॅड आणले, हातांना बांधले आणि पाण्यात सोडले. पॅड मस्त तरंगले. दोन्ही हात वर आले. शेषगिरींनी मालतीबाईंकडे असं बघितलं, की जणू अंदमान त्यांनीच शोधून काढलं होतं.

मालतीबाई फोडणी घालायला आत गेल्या आणि परत आल्या, तोवर पॅड पोटभर पाणी पिऊन तळाला बसले होते.

"तुम्हांला कोटाच्या बाहेर काही सुचतच नाही काय हो?"

"मग काय वापरू ते तू सांग."

"चप्पल."

"काय?"

"हवाई चप्पल. नंजनगूडला कपिलेच्या घाटावर माझी वाहून गेली होती, आठवतंय? बुडाली नाही. पार पुलापर्यंत तरंगत गेली, मी उभी राहून बघत होते. तुम्ही आणायला उतरला नाहीत." हा जुना हिशेब त्यांनी इतक्या वर्षांनी चुकता केला. मग पलंगाखालून आपल्या जुन्या निळ्या पट्ट्यांच्या चपला काढल्या, साबणाने धुतल्या आणि नवऱ्यापुढे ठेवल्या. "घ्या. आणि चपलांना कात्री लावू नका. दसऱ्याला आयुधपूजेत त्या कात्रीसमोर तोंड कसं दाखवणार?"

शेषगिरींनी चपला सुरीने कापल्या, गोल चकत्या केल्या आणि मशीनला हात लावायच्या आधी साबणाने दोनदा हात धुतले. चकत्या नळीच्या हातांवर ओवल्या. त्या सरकू नयेत म्हणून रेनकोटच्या काळ्या कापडाच्या दोन लांब बाह्या बेतल्या. वस्तूला बाह्या आल्यावर मात्र त्यांना एकदम हायसं वाटलं. आता ती त्यांच्या ओळखीची झाली होती.

बाह्या त्यांनी पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाचल्या. कुठे किती चकत्या पाहिजेत हे नदीत उतरल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ट्रायलच्या आधी पक्की शिलाई कोण करतं?

---

रविवारी फत्तेसिंगरावांच्या गाडीतून सगळे सोसले गावाला, कावेरीवर गेले. मालतीबाई येणार नव्हत्या. मग पुळियोगरे आणि दहीभाताचे डबे नीट उघडायला कुणीतरी पाहिजे, म्हणून आल्या. घाटावर त्या वरच्या पायरीवर बसल्या आणि पदर गुडघ्यांभोवती घट्ट घेतला. त्या दिवसांत कावेरी उतरलेली, पाणी काचेसारखं. मठाकडून घंटेचा आवाज येत होता.

दीपश्रीने काळा तंग पोशाख चढवला, तोंडावर काच लावली आणि छातीभर पाण्यात जाऊन नाहीशी झाली.

मालतीबाई उभ्या राहिल्या.

"इथेच आहे ती वहिनी," फत्तेसिंगराव म्हणाले. "तो बघा उजेड."

पाण्याखाली दोन फिकट पिवळे डाग हळूहळू सरकत होते. एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर, एकाच्या पुढे दुसरा नाही. शेषगिरींनी श्वास सोडला. डाग वळले, लांब गेले, परत आले. मग दीपश्री वर आली आणि केस मागे सारत ओरडली, "अप्पा, डावा हात वर खेचतोय! उजवा बरोबर आहे!"

शेषगिरींनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, टाचण्या ओठांत धरल्या आणि नदीत उतरले.

पुढचा अर्धा तास घाटावर कपडे धुणाऱ्या बायका काम सोडून बघत राहिल्या. मांडीभर पाण्यात एक म्हातारा शिंपी उभा होता, त्याच्यासमोर माशासारखा पोशाख केलेली मुलगी, आणि तो तिची ट्रायल घेत होता. त्याने डाव्या बाहीचे टाके उसवले, एक चकती काढून वरच्या खिशात ठेवली, बाही आत घेतली, टाचणी लावली. मान वाकडी करून बघितलं. "धर सरळ. खांदा उचलू नकोस." तोंडात टाचण्या असल्यामुळे शब्द अर्धेच येत होते. पण दीपश्री सवयीने ताठ उभी राहिली, लहानपणी परकर-पोलक्याच्या मापाला राहायची तशी.

ती पुन्हा पाण्यात गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आल्यावर तिने दोन्ही मुठी सोडल्या. ती वस्तू पाण्यात तिच्यासमोर होती तशीच थांबली. वर आली नाही, खाली गेली नाही, दिव्यांनी माना टाकल्या नाहीत.

"अप्पा," ती म्हणाली. एवढंच.

मग घाटावर बसून सगळ्यांनी फोनवर तिने पाण्याखाली घेतलेलं चित्रण बघितलं. हिरवं पाणी, त्यात झुलणारं गवत, वाळूवर एका शिंपल्याने ओढलेली लांब रेघ. बोटाएवढे मासे उजेडात आले की त्यांच्या अंगावरचं खवलंन् खवलं मोजता येत होतं. मालतीबाईंनी डबा मांडीवर ठेवून ते पहिल्यांदा बघितलं, मग पुन्हा लावायला सांगितलं.

"हे सगळं आपल्या कावेरीत आहे?"

"आहे की अम्मा."

"आणि तिकडे समुद्रात याच्याहून जास्त असतं?"

"खूप जास्त."

मालतीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मग काय, जाणारच तू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. दीपश्रीने ओल्या डोक्याने त्यांच्या खांद्याला टेकून त्यांचा पदर भिजवला.

निघताना ती वडिलांना म्हणाली, "बाह्या पक्क्या करून टाका, अप्पा."

"करतो, करतो."

---

पण केल्या नाहीत. दुकानातल्या खुंटीवर, तयार कोटांच्या शेजारी, त्या काळ्या बाह्या पांढऱ्या टाक्यांसकट लटकत राहिल्या. दीपश्रीने विचारलं की उद्या. उद्या विचारलं की दोरा चांगला मिळाला नाही. मोहल्ल्यात दोऱ्याची दहा दुकानं असताना हे कारण टिकणारं नव्हतं.

जायचा दिवस परवावर आला, तेव्हा मालतीबाई दुपारचा डबा घेऊन दुकानात आल्या आणि खुंटीखाली उभ्या राहिल्या.

"हे अजून कच्चंच?"

शेषगिरी कापडावर खडू ओढत राहिले.

"मी तुमच्याशी बोलते आहे."

"रक्षितचा कोट आठवतो तुला?" ते खाली बघतच म्हणाले. "त्याची ट्रायल नाही झाली."

 हे मालतीबाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

"म्हणून हिला कच्चं देणार? खाली खोल पाण्यात टाका सुटला, चपलेचे तुकडे वर गेले, दिवा हातातून गेला तर? काळोखात असते ती तिथे. एकटी." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "तुम्ही शिंपी आहात ना? मग शिंप्यासारखं द्या."

त्या गेल्यावर डबा तसाच राहिला. शेषगिरींनी नायलॉनचा जाड दोरा काढला, मशीनची सुई बदलली आणि दोन्ही बाह्या दुहेरी शिलाईने शिवल्या. कडा दुमडून पुन्हा शिवल्या. मग चिमटा घेऊन एकेक पांढरा टाका ओढून काढू लागले. कोटाचे कच्चे टाके काढताना त्यांना नेहमी बरं वाटे; काम संपलं, माणूस आता ऐटीत बाहेर पडणार. आज ते प्रत्येक दोरा थांबून थांबून ओढत होते. शेवटचा टाका त्यांनी बराच वेळ बोटाखाली धरून ठेवला. मग तोही काढला. दोऱ्यांचा पांढरा गुंता टेबलावर पडला होता. त्यांनी तो गोळा केला आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकला.

पोरगी जाणार होती. पक्कं काम घेऊन जाणार होती. बापाने देण्यासारखं तेवढंच होतं.

घरी मालतीबाईंनी ती वस्तू हातात घेतली, बाह्यांच्या शिलाईवर नख ओढून बघितलं आणि मान हलवली. "द्या इकडे. जुन्या साडीत गुंडाळून बॅगेत ठेवते. तुम्हांला बांधाबांध जमत नाही."

दीपश्री चेन्नईच्या गाडीत बसली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढून वडिलांचं बोट धरलं होतं. गाडी हलली तेव्हा सोडलं. 

---

तिकडे नेट धड नव्हतं. फोन तुटक तुटक व्हायचे, बरी आहे, जेवले, ऊन फार आहे. पाडवा झाला, आंबे आले. एका दुपारी दुकान बंद करून शेषगिरी घरी जेवायला आले होते. मालतीबाई दारातल्या उजेडात बसून कोटाला काजं करत होत्या. फोन वाजला नाही, नुसता थरथरला. दीपश्रीने फोटो पाठवला होता.

इतका निळा रंग शेषगिरींनी कापडातसुद्धा कधी बघितला नव्हता. त्या निळ्यात दीपश्री, आणि तिच्यासमोर त्यांची वस्तू. रक्षितची पाटी, फत्तेसिंगरावांची नळी, मालतीबाईंच्या चपला. दोन्ही दिवे नीट समोर. फोटोखाली तिचा आवाज होता. त्यांनी तो मोठा केला.

"अप्पा, एकदम भारी चाललंय. इथले सगळे विचारतात कुठून घेतलं, मी म्हणते देवराज मोहल्ला. मत्ते, आणखी एक सांगायचं आहे. उजव्या बाहीवर कच्चा दोरा राहिलाय. बघितलं काय? तुम्ही दोरा विसरणारे नव्हे. काढू? का ट्रायलला यायचं आहे मला?" शेवटी ती हसली, आणि हसण्यात आवाज थोडा ओला झाला.

"मी सगळे काढले होते," शेषगिरी म्हणाले. "एकही ठेवला नव्हता."

 त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. काळ्या बाहीवर त्यांच्या दुहेरी शिलाईच्या अगदी शेजारून पांढऱ्या टाक्यांची एक ओळ गेली होती. काहीही धरून न ठेवणारी. पक्क्या कामावरून घातलेले नुसतेच कच्चे टाके, लांब लांब आणि एकसारखे. सगळे उलट्या बाजूला कललेले.

त्यांनी मान वर केली. मालतीबाई काजावर वाकल्या होत्या. सुई डाव्या हातात चालली होती.

"खाली पक्कं आहे," न विचारताच त्या म्हणाल्या. "तुमचंच आहे. सुटणार नाही."

 शेषगिरी त्या चालत्या सुईकडे बघत राहिले.

"बघत काय बसलात? पोरगी विचारते आहे ना? तारीख सांगा तिला."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबलं आणि घसा साफ केला. मग आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले त्याच करड्या आवाजात म्हणाले, "दोरा काढू नकोस. दसऱ्याच्या आधी ये. ट्रायल घेतल्याशिवाय आम्ही काम देत नाही."

मालतीबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि पुढचं काज धरलं.